पिकअप ट्रक थांबायला कसा शिकला

शेवरोलेचा १९७० सालचा सी-टेन पिकअप आणि १९७१ सालचा सी-टेन शेजारी शेजारी उभे केले, तर समोरची जाळी सोडून फारसा फरक दिसत नाही. तीच केबिन, तोच लांबलचक हौदा. पण चाकाचे नट मोजले तर १९७० च्या गाडीला ते सहा आहेत आणि १९७१ च्या गाडीला पाच. वाकून चाकामागे पाहिलं की खरा बदल दिसतो. १९७० च्या पुढच्या चाकांत ड्रम ब्रेक आहेत, १९७१ च्या चाकांत डिस्क ब्रेक.

हे जुने पिकअप अमेरिकेत आजही रस्त्यावर चालतात. प्रदर्शनात मांडायला नव्हे, तर कामावर जायला, बाजारहाट करायला, शनिवारी लाकडं आणायला हौशी माणसं ते वापरतात. इंजिन नवं, टायर रुंद, रंग चकचकीत अशी हौस झाली की एक प्रश्न येतोच: ब्रेकचं काय करायचं? बाजारात किट भरपूर आहेत. भोकं पाडलेल्या डिस्क, लाल रंगाचे कॅलिपर, चारही चाकांना डिस्क. फोटोत सगळ्यात उठून दिसणारी वस्तू बहुधा सगळ्यात आधी विकत घेतली जाते.

पिकअपच्या ब्रेकचा शंभर वर्षांचा इतिहास वाचला, तर खरेदीचा क्रम वेगळाच निघतो. कुठली सुधारणा आधी आली, कशामुळे आली आणि ती येण्याआधी गाडी कशी फसायची, हे कळलं की आज खिशातले पैसे कुठे घालायचे याचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं.

अडीच लिटर पाणी

आधी थोडं गणित, शाळेतलंच. दोन टन वजनाचा पिकअप ताशी १०० किलोमीटर वेगाने चालला आहे. त्याच्यात साठलेली गतिज ऊर्जा सुमारे ७७० किलोज्यूल होते. एवढ्या ऊर्जेत जवळपास अडीच लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत येतं. ब्रेक ही ऊर्जा नाहीशी करत नाही, तो तिची उष्णता करतो. चारेक सेकंदांत गाडी थांबवायची, तर त्या चार सेकंदांत ब्रेकची सरासरी शक्ती १९० किलोवॅट भरते, म्हणजे अडीचशे अश्वशक्तीहून जास्त. १९७० च्या सुमाराच्या बहुतेक पिकअपच्या इंजिनांची ताकद याहून कमी होती. गाडीतलं सगळ्यात शक्तिमान यंत्र बॉनेटखाली नसतं, चाकांत असतं.

वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. आणि उतार असेल तर हिशेबच वेगळा. कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या ४,३०२ मीटर उंच डोंगरावर थेट माथ्यापर्यंत रस्ता जातो. उतरताना ग्लेन कोव्ह नावाच्या ठिकाणी गाड्या थांबवून ब्रेक किती तापले आहेत ते थर्मामीटरने पाहतात आणि फार तापले असतील तर गाडी बाजूला घेऊन थंड होऊ देतात. माथ्यापासून तिथवर उतार सुमारे ८०० मीटरचा आहे. आपला दोन टनी ट्रक निव्वळ ब्रेकवर उतरवला, तर शंभरच्या वेगावरून वीस वेळा थांबण्याइतकी उष्णता त्या ब्रेकवर पडते. खंडाळ्याच्या घाटात गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतरवू नका असं जे बजावतात, त्यामागेही हाच हिशेब आहे. गिअरमध्ये असलेलं इंजिन त्यातला बराच भार स्वतःवर घेतं.

ब्रेकच्या इतिहासात दोनच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ही उष्णता जाणार कुठे? आणि एखादा भाग मोडला तर बाकीच्यांचं काय होणार? पहिला प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे. दुसरा आम्ही सॉफ्टवेअरवाले ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणून रोज चघळतो. फरक इतकाच की आमचा सर्व्हर पडला तर तो पुन्हा सुरू करता येतो.

जुना बूट आणि रॉकी माउंटन

घोडागाडीचा ब्रेक म्हणजे चाकाच्या धावेवर दाबलेला लाकडी ठोकळा. इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या चढउतारांवर गाडीवाले या ठोकळ्याला जुन्या बुटांचं चामडं लावत, आणि ते पाहून हर्बर्ट फ्रूड या माणसाला ब्रेकचं अस्तर वेगळं बनवण्याची कल्पना सुचली, असं सांगतात. त्याने १८९७ मध्ये धंदा सुरू केला. फ्रूडच्या इंग्रजी अक्षरांची उलटापालट करून आणि बायकोच्या एलिझाबेथ या नावातलं ‘ई’ घेऊन ‘फेरोडो’ हे नाव तयार झालं. आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला ‘लायनर’ म्हणतात, त्या वस्तूच्या घराण्यातलं हे जुनं नाव.

पुढे १९०२ या एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या. फ्रान्समध्ये लुई रेनोने ड्रम ब्रेकला आजच्यासारखं रूप दिलं: फिरणाऱ्या डब्याच्या आत दोन शू, जे पसरून डब्याला आतून घासतात. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं: फिरणारी तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी धरणारी पकड. म्हणजे डिस्क हे काही ड्रमनंतर आलेलं नवं तंत्र नव्हे, दोघं समवयस्क आहेत. पण लँचेस्टरच्या पकडीला तांब्याचं अस्तर होतं. धातूवर धातू घासला की कानठळ्या बसवणारी किंकाळी निघे, आणि त्या काळच्या मातीच्या रस्त्यांवर उघड्या तबकडीची झीजही फार होई. ड्रम आतून झाकलेला आणि शांत होता. पुढची पन्नास वर्षं त्याची झाली.

अमेरिकेत फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या घरात विकली गेली. तिला तीन पेडल होते, त्यांतलं उजवीकडचं ब्रेकचं. पण हा ब्रेक चाकांवर नव्हताच. तो गिअरबॉक्समधल्या एका ड्रमला पट्टा आवळून धरायचा, आणि ती अडवणूक शाफ्टमधून मागच्या चाकांपर्यंत पोचायची. मागच्या चाकांत लहानसे ड्रम होते खरे, पण ते हाताच्या दांडीने चालायचे आणि मुख्यतः गाडी उभी करून ठेवण्यापुरते होते. चालत्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल तुटला तर पायाखालच्या ब्रेकचा काही उपयोग नसे.

याच गाडीपासून १९१७ मध्ये मॉडेल टीटी हा एक टनी ट्रक निघाला, आणि १९२५ मध्ये फोर्डने कारखान्यातूनच हौदा बसवलेली मॉडेल टी २८१ डॉलरला विकायला काढली. फोर्डचा हा पहिला कारखानी पिकअप. लोकांनी या गाड्यांवर वाट्टेल तेवढा माल लादला. चढावर ताकद पुरेना म्हणून दुसऱ्या कंपन्यांचे जादा गिअरबॉक्स बसवायला सुरुवात केली. इथे एक छुपा धोका होता. इंजिनामागच्या गिअरबॉक्सपुढे आणखी एक गिअरबॉक्स बसवला आणि तो चुकून न्यूट्रलमध्ये राहिला, तर ब्रेक आणि चाकं यांचा संबंधच तुटे. भरलेला ट्रक, उतार, आणि पायाखाली काहीच नाही.

म्हणून त्या काळी ‘रॉकी माउंटन ब्रेक’ नावाचा जोड विकला जाऊ लागला. मागच्या चाकांच्या ड्रमवर बाहेरून आवळणारे पट्टे, आणि त्यांना थेट पेडलपासून जोडणी. मध्ये गिअरबॉक्स नाही की शाफ्ट नाही. रस्त्यावरच्या ट्रकचे ब्रेक सुधारण्याचा बाजार तेव्हापासूनचा आहे. मॉडेल टी चालवणारे हौशी लोक आजही हे ब्रेक विकत घेतात, आणि त्यांचा जुना नियम आजच्या कुठल्याही ट्रकला लागू पडतो: वेग किंवा ओझं वाढवणारी वस्तू बसवण्याआधी थांबवणारी वस्तू बसवा.

पोलादी दांडी की तेल

पुढच्या चाकांना ब्रेक लावायचे की नाही यावरही १९२० च्या दशकात वाद होता. पुढची चाकं जाम झाली तर गाडी वळणार नाही, उलटेल, अशी लोकांना भीती वाटे. दुसरी भीती मजेशीर होती: पुढचा इतक्या लवकर थांबेल की मागचा येऊन आदळेल. म्हणून काही गाड्यांच्या पाठीवर ‘चार चाकांना ब्रेक आहेत’ अशी इशाऱ्याची पाटी असे. पण भौतिकशास्त्र पुढच्या ब्रेकच्या बाजूने होतं. गाडी थांबताना वजन पुढे झुकतं, म्हणून थांबवण्याचं जास्तीचं काम पुढची चाकंच करू शकतात.

चार चाकांचे ब्रेक दांड्यांनी आणि तारांनी ओढायचे म्हणजे चारही दांड्या नेमक्या सारख्या लांबीच्या हव्यात. एक जरा सैल पडली की गाडी एका बाजूला ओढली जायची. यावर उपाय आणला माल्कम लॉकहीडने. विमानांच्या लॉकहीडमधल्या अ‍ॅलनचा हा भाऊ. पेडलने तेल दाबायचं आणि नळीतून तो दाब चारही चाकांकडे न्यायचा. बंद भांड्यातला दाब सगळीकडे सारखा, हे पास्कलचं तत्त्व. त्यामुळे लांबी जुळवण्याची कटकट संपली. ड्यूसेनबर्गच्या महागड्या गाडीत १९२१ मध्ये हे ब्रेक आले आणि १९२४ मध्ये क्रायस्लरने ते मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले. सुरुवातीच्या ब्रेकमधल्या चामडी वाट्या गळायच्या. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी तिथे रबर वापरलं.

पिकअपकडे हे उशिरा पोचलं. शेवरोलेने १९३६ मध्ये तेलाचे ब्रेक घेतले. फोर्डने १९३९ पर्यंत दांड्याच चालवल्या आणि पोलादाच्या भरवशाची जाहिरातही केली. आज हा हट्ट हास्यास्पद वाटतो. पण हेन्री फोर्डच्या बाजूने एक मुद्दा खरा होता. चारांपैकी एक दांडी तुटली तर तीन चाकं शिल्लक राहतात. तेलाची एक नळी फुटली तर एकही चाक शिल्लक राहत नाही.

एक गळती, चारही चाकं

या मुद्द्याला उत्तर मिळायला तीस वर्षं लागली. १९३६ पासून १९६६ पर्यंत अमेरिकन पिकअपचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर, तेलाच्या एकाच कप्प्यावर चालत होते. चाळीस-पन्नाशीच्या शेवरोले पिकअपमध्ये हा सिलिंडर केबिनच्या तळाखाली असायचा. तेल पाहायचं तर खालच्या पत्र्यावरचं झाकण काढा. म्हणजे बहुतेक लोक ते पाहत नसत. गंजलेली एक नळी, फाटलेला एक होज, गळका एक व्हील सिलिंडर, यांतलं काहीही एक पुरे. पेडल सरळ तळाला टेकायचं.

उपाय अवघड नव्हता. एका सिलिंडरमध्ये एकामागे एक दोन पिस्टन, दोन कप्पे. एक पुढच्या चाकांचा, दुसरा मागच्या. एक फुटला तरी दुसरा गाडी थांबवतो, जास्त अंतर घेऊन का होईना. कॅडिलॅकने हा दुहेरी सिलिंडर १९६२ मध्ये बसवला. बाकीच्यांनी वाट पाहिली. मधल्या काळात, १९६५ मध्ये, राल्फ नेडरचं ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ हे पुस्तक आलं. मोटार कंपन्यांना धोका माहीत असूनही त्या तो ग्राहकाच्या माथी मारतात, हा त्याचा आरोप देशभर गाजला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना विभागलेले ब्रेक सक्तीचे झाले. नियम सुरुवातीला मोटारींपुरता होता, पण कारखाने तेच होते, म्हणून १९६७ च्या मॉडेलपासून पिकअपमध्येही दुहेरी सिलिंडर दिसू लागला.

त्याच्यासोबत डॅशबोर्डवर एक छोटा लाल दिवा आला. दोन कप्प्यांच्या दाबात फरक पडला की तो लागतो. त्याची गरज का होती, ते आमच्या क्षेत्रातल्या माणसाला लगेच कळतं. बॅकअप ठेवला की मुख्य यंत्रणा पडल्याचं कुणाच्या लक्षातच येत नाही. मग एक दिवस बॅकअपही पडतो.

ड्रम का मागे पडला

ड्रम ब्रेकची एक गोष्ट फार हुशारीची आहे. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःबरोबर ओढतो, आणि त्या ओढीने तो शू आणखी घट्ट दाबला जातो. गाडीचाच वेग गाडी थांबवायला मदत करतो. बेंडिक्सच्या रचनेत एक शू दुसऱ्याला ढकलतो, त्यामुळे ही मदत आणखी वाढते. म्हणूनच बूस्टर नसतानाही माणूस नुसत्या पायाच्या जोराने दोन टनांचा ट्रक थांबवू शकत होता.

पण वाढते ती मदत तशीच चूकही वाढवते. एका चाकाच्या लायनरला जरा तेल लागलं, ओल आली किंवा तो जास्त तापला, की त्या चाकाची पकड बदलते, आणि ड्रम तो बदल कित्येक पटींनी मोठा करून दाखवतो. गाडी एका बाजूला ओढली जाते. उष्णतेने ड्रम फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो. पेडल खोल जातं. पाण्यातून गाडी नेली की पाणी डब्यात अडकतं. घाटात तापत गेलेला ड्रम प्रत्येक वळणाला थोडी थोडी पकड सोडत जातो. याला इंग्रजीत ‘फेड’ म्हणतात. तळाशी पोचेपर्यंत पेडल कितीही दाबा, गाडी ऐकत नाही.

डिस्क उघडी असते, वाऱ्यावर थंड होते, पाणी स्वतःच झटकून टाकते, आणि तापून फुगली तर पॅडच्या दिशेने फुगते. डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जग्वार सी-टाइपने १९५३ मध्ये ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली, तेव्हा हे सगळ्या जगाला दिसलं. दर फेरीला तीच गाडी बाकीच्यांपेक्षा उशिरा ब्रेक लावत होती. १९५५ मध्ये सित्रोएन डीएसने डिस्क घरगुती गाडीत आणली. अमेरिकेत स्टुडबेकर अवंतीत ती १९६२ मध्ये आली, कॉर्व्हेटच्या चारही चाकांना १९६५ मध्ये. कामाच्या पिकअपची पाळी शेवटी लागली. १९७१ चा सी-टेन त्या रांगेतला आहे.

डिस्कला मात्र स्वतःला घट्ट करून घेण्याची ती युक्ती नसते. जेवढा दाब द्याल तेवढीच पकड. म्हणून तिच्यासोबत बूस्टर लागतो, मोठे पिस्टन लागतात, वेगळा मास्टर सिलिंडर लागतो. नुसती डिस्क घ्यायची आणि बाकीचं जुनंच ठेवायचं, असा सौदा यात होत नाही.

रिकामा हौदा

पिकअपची खास अडचण कारला नसते. हौद्यात अर्धा टन सिमेंट असताना मागच्या चाकांवर भरपूर वजन असतं. हौदा रिकामा असला तर मागचा भाग हलका. ब्रेक भरलेल्या गाडीच्या हिशेबाने बनवले, तर रिकाम्या गाडीची मागची चाकं लगेच जाम होतात. जाम झालेल्या चाकाला बाजूची पकड राहत नाही. मग मागचा भाग पुढच्या भागाला ओलांडायला निघतो, गाडी गर्रकन फिरते. पुढची चाकं जाम झाली तर गाडी निदान सरळ जाते. म्हणून प्रत्येक गाडीचा नियम एकच: मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम होता कामा नयेत.

हा तोल सांभाळण्याचं काम एका पितळी तुकड्याकडे असतं. मराठी मेकॅनिकही त्याला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हच म्हणेल. जोरात ब्रेक लावला की तो मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दाबाला आवर घालतो. काही ट्रकांत हा व्हॉल्व्ह मागच्या अ‍ॅक्सलला दांडीने जोडलेला असतो. हौदा ओझ्याने खाली बसला की तो मागे जास्त दाब जाऊ देतो. फोर्डने १९८७ मध्ये एफ-१५० पिकअपला एबीएस दिलं, तेही फक्त मागच्या चाकांना. आधी मागचीच चाकं का, याचं उत्तर रिकाम्या हौद्यात आहे.

आणि मागच्या चाकांवर मुळात काम कमी, म्हणून तिथे ड्रम टिकून राहिला. टोयोटाच्या टॅकोमाला अमेरिकेत २०२३ पर्यंत मागे ड्रमच होते. आपल्याकडचा टाटा एस पुढे डिस्क, मागे ड्रम घेऊनच बाजारात आला. यात केवळ कंजूसपणा नाही. ड्रममध्ये हँडब्रेक सहज बसतो आणि धूळ-चिखल बाहेर राहतो.

मोठ्या ट्रकांचा धडा

अठरा चाकी ट्रकांचा रस्ता वेगळा होता. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये रेल्वेसाठी हवेच्या दाबाचे ब्रेक आणले. पण त्यात नळी तुटली की ब्रेक गेला, ही जुनीच अडचण होती. १८७२ मध्ये त्याने विचार उलटा केला: नळीतला दाब ब्रेक लावणार नाही, तर सोडून धरेल. दाब गेला की ब्रेक आपोआप लागतील. डबे मध्येच सुटले तर ते घरंगळत जाणार नाहीत, जागेवर थांबतील. आजच्या मोठ्या ट्रकच्या पार्किंग ब्रेकमध्येही जाड स्प्रिंग ब्रेक दाबून धरते आणि हवा ती मागे ओढून ठेवते. हवा गेली की स्प्रिंग आपलं काम करते.

याच ट्रकांच्या बाबतीत एक घाईही झाली. १९७५ पासून अमेरिकेत हवेच्या ब्रेकच्या ट्रकांसाठी थांबण्याच्या अंतराचा कडक नियम लागू झाला, आणि तो पाळायला कंपन्यांना त्या काळचं कच्चं इलेक्ट्रॉनिक एबीएस बसवावं लागलं. रस्त्यावर ते बिघडू लागलं, चालक ते बंद करून टाकू लागले, ट्रक कंपन्या कोर्टात गेल्या. १९७८ मध्ये कोर्टाने नियमाचा तो भाग रद्द केला. एबीएस मोठ्या ट्रकांना पुन्हा सक्तीचं व्हायला १९९७ उजाडलं. कल्पना बरोबर होती, तिची चाचणी अपुरी होती. मधली जवळपास वीस वर्षं रस्त्यावरच्या माणसांना ती मिळाली नाही.

धूळ

ब्रेक झिजतो म्हणजे त्याचं पीठ कुठेतरी जातं. विसाव्या शतकाचा बहुतेक काळ लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस होतं, कारण ते तापमानाला दाद देत नाही. ड्रम उघडून हवेच्या झोताने धूळ उडवणं हा गॅरेजमधला रोजचा रिवाज होता. ती धूळ मेकॅनिकच्या फुप्फुसात जात होती. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८९ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर व्यापक बंदी आणली, ती १९९१ मध्ये कोर्टात बरीचशी पडली. दुकानांतून सुटे विकले जाणारे अ‍ॅस्बेस्टॉसचे ब्रेक पॅड आणि लायनर थांबवणारा नियम २०२४ मध्ये आला. जुन्या ट्रकचा ड्रम आजही उघडताना फुंकर मारायची नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, ते यासाठी.

अ‍ॅस्बेस्टॉसच्या जागी आलेल्या पॅडमध्ये तांबं होतं, लँचेस्टरचंच तांबं. पावसाने ते ओढ्यांत वाहून जातं, आणि पाण्यातलं थोडंसं तांबंही सॅमन माशाचं घ्राणेंद्रिय बिघडवतं. वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१० मध्ये पॅडमधलं तांबं टप्प्याटप्प्याने घटवण्याचे कायदे केले. कॅलिफोर्नियात २०२५ पासून मर्यादा अर्ध्या टक्क्याची आहे. पॅडच्या खोक्यावरचं छोटं पानाचं चिन्ह त्या माशांसाठी आहे.

मग बदलायचं काय?

आता पुन्हा त्या जुन्या पिकअपकडे येऊ. इतिहासाचा क्रम लावला, तर यादी अशी होते.

गाडी १९६६ किंवा त्याआधीची असेल तर पहिला खर्च दुहेरी मास्टर सिलिंडरचा. तो कुणाला दिसत नाही, फोटोत येत नाही, पण गाडीतला एकमेव ‘फुटला तर सगळं संपलं’ असा भाग तो काढून टाकतो. त्याच वेळी सगळे रबरी होज आणि गंजलेल्या नळ्या बदलाव्यात. ब्रेक ऑइलही. नेहमीचं ऑइल हवेतलं पाणी शोषतं: डॉट ३ ऑइल नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ही हमी १४० अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते. पेडल स्पंजासारखं खाली जातं. वरून सगळं धड दिसतं, फक्त ब्रेक नसतो.

दुसरा खर्च पुढच्या डिस्कचा. पण संचासकट: बूस्टर, जुळणारा मास्टर सिलिंडर, व्हॉल्व्ह. मास्टर सिलिंडरचा व्यास मोठा घेतला की पेडल टणक लागतं आणि ‘भारी’ वाटतं, पण तेवढ्याच जोराला दाब कमी मिळतो. ड्रमच्या नळीत थोडा दाब राखून ठेवणारा, साधारण १० पीएसआयचा, व्हॉल्व्ह असतो. तोच डिस्कच्या मार्गात राहिला तर पॅड कायम घासत राहतात. शर्यतीसारखा कॅम टाकलेल्या इंजिनात व्हॅक्यूम कमी पडतो, मग व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर ढिला पडतो; अशा ठिकाणी पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर चालणारा बूस्टर बरा.

टायरचा हिशेबही इथेच करावा. २८ इंचांच्या जागी ३३ इंचांचा टायर घातला, तर तेवढंच थांबायला ब्रेकला जवळपास १८ टक्के जास्त पीळ द्यावा लागतो. आणि उलट बाजूने पाहिलं, तर जे ब्रेक चाक आधीच जाम करू शकतात, ते आणखी मोठे केल्याने पहिल्या वेळचं थांबण्याचं अंतर घटत नाही. तिथे मर्यादा टायरच्या पकडीची असते. मोठा ब्रेक दहाव्या वेळेला, उतारावर, ओझ्यासकट उपयोगी पडतो.

मागच्या डिस्क यानंतर, आणि तेही पैसे उरले तर. त्या बसवताना हँडब्रेकची सोय आणि पुढच्या-मागच्या दाबाचा तोल नव्याने लावावा लागतो, नाहीतर आपण पैसे देऊन मागची चाकं आधी जाम करणारा ट्रक विकत घेतलेला असतो. भोकं पाडलेल्या डिस्क सगळ्यात शेवटी. शर्यतीत जुन्या पॅडमधून निघणाऱ्या वायूला वाट द्यायला ही भोकं आली. आजच्या पॅडना रस्त्यावर त्यांची गरज नसते, आणि तापून निवणाऱ्या डिस्कला तडा जायला तीच भोकं जागा देतात.

यादीत आणखी एक गोष्ट, जवळजवळ फुकटची. डिस्कचं किट बसवताना जुना पितळी तुकडा निघतो आणि त्याच्यासोबत एक तार सुटी होते. नव्या व्हॉल्व्हला ती लावायला पाच मिनिटं लागतात. लावली नाही तरी गाडी चालते, थांबतेही, म्हणून पुष्कळ गाड्यांत ती तशीच लोंबत राहते. ती तार डॅशबोर्डवरच्या त्या लाल दिव्याची आहे. दोनपैकी एक कप्पा गेल्याचं सांगणारं गाडीत दुसरं कुणी नाही.